मागचे शॉकअप गेलेत हे कसं ओळखायचं आणि ते स्वतः कसे बदलायचे

“टायर कामून बदलायलेत? आधी त्याच्यावर हात फिरवून बघा.”

परभणीतल्या एका गॅरेजवर मिस्त्री मला असं म्हणाले, तेव्हा मी दोन वर्षांत दुसऱ्यांदा मागचे टायर घ्यायला निघालो होतो. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी दोनदा अलाइनमेंट झाली होती, बॅलन्सिंग झालं होतं, पैसे गेले होते आणि गाडीचा घरघर आवाज तसाच होता. मी टायरवर तळहात फिरवला. वीतभर अंतराने रबर खोलगट लागत होतं, चमच्याने खरवडून काढल्यासारखं. मिस्त्रींनी खाली वाकून शॉकअपवर बोट फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. तेल आणि काळ्या मातीचा धुरळा मिळून झालेला, मळलेल्या कणकेसारखा चिकट थर. शॉकअप कधीच गेले होते. मला कळलं नव्हतं, कारण ते एका दिवसात जात नाहीत. रोज थोडे थोडे जातात आणि बिघडलेल्या गाडीची आपल्याला रोज थोडी थोडी सवय होत जाते.

ज्यांनी आजवर गाडीखाली डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ओळखायचं कसं हे प्रत्येकाला यायलाच हवं, त्याला एक पैसा लागत नाही. बदलण्याचं काम अंगावर घ्यायचं की नाही हे पूर्ण वाचून ठरवा.

शॉकअपचं काम नेमकं काय

गॅरेजमध्ये शॉक ॲब्झॉर्बरला शॉकअप म्हणतात, कुणी शॉकर म्हणतं. नावावरून वाटतं की खड्ड्याचा धक्का हाच झेलतो. प्रत्यक्षात धक्का झेलते आणि गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंग एकदा दबली की उसळते, परत दबते, परत उसळते. तिला आवर घालतो तो शॉकअप. तेल भरलेलं बंद नळकांडं, त्यात एक दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा. चाक वर-खाली झालं की दट्ट्या तेलातून सरकतो आणि तेलाला त्या बारीक वाटांतून जावं लागतं. रंगपंचमीची पिचकारी आठवा. हळू दाबली तर सहज जाते, जोरात दाबली तर हाताला अडवते. शॉकअप तसाच अडवतो. उसळीतली ताकद तेल तापवण्यात खर्ची पडते आणि ती उष्णता बाहेरच्या हवेत निघून जाते.

तेल आत अडवणारं सील झिजून तेल गळालं किंवा आतल्या झडपा ढिल्या पडल्या की हे अडवणं संपतं. गाडी चालत राहते, पण मागचं चाक रस्त्याला धरून राहत नाही, उड्या मारतं. चाक हवेत असेल त्या क्षणी ब्रेक लागत नाही आणि वळणावर पकड राहत नाही. मागे बसलेल्यांची कंबर दुखते ती वेगळीच, पण खरी भीती ब्रेकची आहे.

आपल्याकडे शॉकअप लवकर जातात त्याचं एक मोठं कारण पायाखालीच आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ता मग जागोजागी खचतो आणि लाटांसारखा होतो. खड्डा दिसतो, त्यामुळे आपण ब्रेक मारतो. लाट दिसत नाही, तिच्यावरून आपण ८० च्या वेगाने जातो. दर १० मीटरला एक लाट धरा, म्हणजे किलोमीटरला १०० वेळा शॉकअप दबला आणि ताणला. ५० किलोमीटरच्या फेरीत हे ५,००० वेळा होतं. त्यात दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या, गावागावांबाहेरचे गतिरोधक आणि मे महिन्यातलं ४२-४३ अंशांचं ऊन. तेल तापलं की पातळ होतं, पातळ तेल कमी अडवतं. खराब रस्त्यावर तासभर चालल्यावर गाडी जास्त डुलायला लागते, ती यामुळेच.

म्हणून अमुक किलोमीटरला शॉकअप बदलायचे असा ठोकताळा मी मानत नाही. छत्रपती संभाजीनगर शहरातच फिरणारी गाडी आणि आठवड्यातून तीनदा जिंतूर-सेनगाव करणारी गाडी यांचा हिशोब एक कसा असेल? माझा नियम एवढाच, की ४०,००० किलोमीटर झाले की दर सहा महिन्यांनी तपासायचं.

ओळखायचं कसं

सुरुवात डिकी रिकामी करण्यापासून करा. हे मी मनापासून सांगतो. स्टेपनीचा बोल्ट ढिला, जॅक सुटलेला, पान्यांची पिशवी इकडून तिकडे घसरते आणि आपण शॉकअपला दोष देत बसतो. सगळं काढा, मागची सीटही नीट लॉक झाली आहे का बघा, मग ज्या गतिरोधकावर आवाज येतो त्याच्यावरून जा. आवाज गेला तर इथेच काम संपलं.

आवाज राहिला, तर गाडी सपाट जागी उभी करून खाली वाका. मोबाइलची बॅटरी लावा आणि मागच्या चाकाच्या आतल्या बाजूने शॉकअप पाहा. वरचा अर्धा भाग रबरी किंवा प्लास्टिकच्या कव्हरमध्ये असतो, खालचं नळकांडं उघडं असतं. त्या नळकांड्यावर नुसता हलका ओलसर धुरळा असेल तर घाबरू नका. दट्ट्याचा दांडा आत-बाहेर होताना तेलाचा किंचित अंश बाहेर येतोच. पण वरून खाली ओघळ आलेला असेल, त्यावर माती चिकटून लेप झाला असेल, पुसल्यावर दोन-तीन दिवसांत परत ओलं होत असेल, तर सील गेलं. त्यावर दुसरी तपासणी करायची गरज नाही. एक लक्षात ठेवा: पावसाळ्यात चिखलाच्या ओलीमुळे फसायला होतं. बोटाला लावून चोळा. पाणी सुकतं, तेल बुळबुळीत राहतं.

मग दाबून बघायची जुनी चाचणी. डिकीच्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात ठेवा, अंगाचा भार टाकून गाडी तीनदा लयीत दाबा आणि खाली असताना एकदम सोडा. चांगल्या शॉकअपची गाडी वर येते, किंचित खाली होते आणि थांबते. वर, खाली, परत वर, परत खाली असं झालं तर शॉकअप अडवत नाही. दोन्ही कोपरे वेगवेगळे तपासा, म्हणजे फरक हाताला कळतो. ही चाचणी नापास झाली तर निकाल पक्का. पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. हाताने गाडी हळू दबते, रस्त्यावर चाक कितीतरी पट वेगाने हलतं, आणि आतल्या झिजलेल्या झडपा त्या वेगातच उघड्या पडतात.

माझा जास्त भरवसा हाताच्या दुसऱ्या एका चाचणीवर आहे. खराब रस्त्यावरून पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून आणा, लगेच थांबा आणि दोन्ही मागच्या शॉकअपच्या नळकांड्याला बोट लावून बघा. आधी बोट जवळ नेऊन धग घ्या, ते चांगलंच तापलेलं असू शकतं. सायलेन्सरपासून हात लांब ठेवा. काम करणारा शॉकअप गरम लागतो, कारण त्याने उसळीची ताकद पचवलेली असते. एक गरम आणि एक जवळपास थंड असेल, तर थंड असलेला नुसता लटकतोय.

टायरची खूण वर सांगितलीच. तळहात टायरच्या घेरावर फिरवा, एकदा पुढे, एकदा मागे. वीतभर अंतराने चढ-उतार लागत असतील तर चाक उड्या मारत झिजलं आहे. बॅलन्सिंग बिघडल्यानेही असे चट्टे पडतात, त्यामुळे ही खूण एकटी धरू नका, बाकीच्या खुणांशी जोडून बघा. टायर एकाच कडेने सरळ झिजला असेल तर तो विषय वेगळा.

चालवताना काय जाणवतं? पुलाच्या सांध्यावरून गेल्यावर मागची बाजू दोन-तीनदा झुलते. तुळजापूर ते लातूर अशा मोकळ्या रस्त्यावर ट्रकला ओलांडताना शेपटी हलल्यासारखी वाटते. मागे तिघं बसले की गतिरोधकावर धाडकन आवाज येतो, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबून गाडी रबरी ठोकळ्यावर आपटते. रात्री समोरचा उगाच डिपर मारत राहतो, कारण मागची बाजू झुलली की आपल्या हेडलाइटचा झोतही वर-खाली होतो. ही शेवटची खूण फार जण ओळखत नाहीत.

आणि खटखट? बारीक दगडांच्या रस्त्यावर हळू जाताना मागून कोरडी खट-खट येत असेल, तेल मात्र गळत नसेल, तर शॉकअपच्या टोकांचे रबरी बुश बघा. शॉकअप हाताने घट्ट धरून जोरात हलवा. सांध्यात ढिलेपणा जाणवला तर बुश गेलेत. हँडब्रेकची वायर आणि सायलेन्सरची लटकणारी रबरं हीसुद्धा असाच आवाज करतात, तीही हलवून बघा.

मागून बसलेली गाडी म्हणजे शॉकअप नव्हे

ही गल्लत इतकी होते की वेगळं सांगायला हवं. रिकामी गाडी उभी असताना मागून बसलेली दिसत असेल, तर स्प्रिंग दमली आहे किंवा तिचा खालचा वेढा तुटला आहे. नवे शॉकअप टाकून उंची परत येत नाही. सीएनजी किट नंतर बसवून घेतलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं. ६० लिटरचं लोखंडी सिलिंडर रिकामंच ६० किलोच्या आसपास भरतं, म्हणजे मागे एक माणूस कायमचा बसलेला.

अशा वेळी दुकानदार स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी बफर सुचवतात. माझं मत त्यांच्या विरुद्ध आहे. बफरने गाडी उचलते, पण स्प्रिंग आणखी कडक होते, ती आणखी जोराने उसळते आणि आधीच थकलेल्या शॉकअपवर जास्त काम पडतं. आधी स्प्रिंग आणि शॉकअप धड करा.

घेताना

शॉकअप जोडीनेच बदलायचे, डावा आणि उजवा एकाच वेळी. एक नवा, एक जुना ठेवला तर लाटेवर एक बाजू लवकर थांबते, दुसरी झुलत राहते आणि गाडी तिरकी ओढते. पुढचेही त्याच वेळी बदललेच पाहिजेत असं नाही, ते वेगळे तपासा.

दुकानात जाताना गाडीचं आरसी सोबत न्या. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक आणि पेट्रोल-डिझेलप्रमाणे भाग बदलतो. सोबत बंप स्टॉप म्हणजे तो पिवळसर फोमचा किंवा रबरी ठोकळा, धूळ अडवणारं कव्हर आणि वरचं रबर आहे का विचारा. बऱ्याचदा ही तिन्ही वेगळी घ्यावी लागतात आणि माणसं चार पैसे वाचवायला जुनीच चढवतात. असं करू नका. कव्हर फाटलेलं असेल तर आपल्याकडची धूळ चकचकीत दांड्यावर बसते, प्रत्येक हालचालीला सीलला घासते आणि नवा शॉकअपही लवकर गळायला लागतो.

तेल भरून, नवं सील घालून दिलेले जुने शॉकअप स्वस्तात मिळतात. मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कचं तेल आणि सील बदलणं ही रीतसर दुरुस्ती आहे, तो भाग तसाच बनवलेला असतो. कारचा शॉकअप कारखान्यातून कायमचा बंद होऊन येतो. तो कापून, भरून, वेल्डिंग करून दिला तर तेलासोबत भरलेल्या गॅसचा दाब आणि झडपांचं माप परत येत नाही. आपल्या वाळूजच्या एमआयडीसीत एन्ड्युरन्ससारखी कंपनी दुचाकी-तीनचाकींचे शॉकअप बनवते. असा भाग किती नेमक्या मापाने बनतो हे तिथे काम करणारा कुणीही ओळखीचा तुम्हाला सांगेल. ते माप रस्त्याकडेच्या वेल्डिंगला जमत नाही.

काम अंगावर घेण्याआधी

आता एक गोष्ट ठरवा. तुमच्या गाडीत मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा आहे का? आजच्या बहुतेक लहान हॅचबॅक आणि छोट्या सेडानमध्ये तसंच असतं आणि पुढची सगळी रीत त्यांच्यासाठी आहे. पण शॉकअपच्या भोवतीच स्प्रिंग गुंडाळलेली असेल, तर तिथेच थांबा आणि गॅरेजला जा. ती स्प्रिंग दाबून ठेवायला खास अवजार लागतं आणि ती निसटली तर माणसाचा जीव जाऊ शकतो. पिकअपसारख्या कमानपाट्यांच्या गाडीत काम उलट सोपं आहे. ॲक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा भाग, पाट्यांनी धरलेला असतो, शॉकअप चेसिस (गाडीचा सांगाडा) आणि ॲक्सल यांच्यामध्ये तिरका बसवलेला असतो आणि अनेकदा चाक न काढताही हाताशी येतो.

जागा काँक्रीटची किंवा फरशीची हवी. शेतातल्या आखाड्यावर, काळ्या मातीवर जॅक लावू नका. माती वरून कडक दिसते, पण भार आला की जॅक एका बाजूने रुततो आणि गाडी कलते. मे महिन्यात करायचं असेल तर पहाटे सहाला सुरू करा, दहानंतर लोखंडाला हात लावता येत नाही.

सामान जमवा. गाडीचा जॅक, दुसरा एक जॅक (हायड्रॉलिक असला तर उत्तम), दोन जॅक स्टँड, १० ते १९ नंबरचे रिंग पाने आणि सॉकेट, लांब दांडीचं हँडल, तारेचा ब्रश, गंज सोडवायचा स्प्रे, थोडं ग्रीस, जुनं फडकं आणि जुनं वर्तमानपत्र. टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या आकड्याइतकंच आवळता येणारा पाना, शेजारच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणा. जॅक स्टँड नसेल तर काम सुरूच करू नका. विटांचा, दगडांचा ढीग त्याच्या जागी चालत नाही, भाराखाली वीट फुटते.

आदल्या दिवशी चाकाच्या पोकळीत वाळलेला चिखल खरवडून काढा आणि गाडी धुवा. पावसाळ्यातली काळी माती तिथे दगडासारखी बसलेली असते आणि बोल्टचं डोकं त्यात हरवलेलं असतं. मग वरच्या नटावर आणि खालच्या बोल्टवर स्प्रे मारून रात्रभर राहू द्या. कोकणातल्या गाड्यांसारखा खारा गंज आपल्याकडे नाही, एवढ्यावर बोल्ट बहुधा सुटतो.

बदलायचे असे

गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेकवर विसंबू नका, तो मागच्या चाकांना धरतो आणि तीच चाकं आपण उचलणार आहोत. चाकं जमिनीवर असतानाच व्हीलनट अर्धा फेरा ढिले करा.

गाडी मागून उचला, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी दोन्ही बाजूंना जॅक स्टँड लावा आणि गाडी त्यांच्यावर उतरवा. बाजूने हाताने ढकलून बघा. डुलत असेल तर स्टँड परत लावा. चाकं काढून गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवा. काही चुकलंच तर गाडी चाकांवर पडेल, माणसावर पडणार नाही.

यापुढे एका वेळी एकच बाजू.

दुसरा जॅक मागच्या ॲक्सलखाली, शॉकअपच्या जवळ लावा आणि नुसता टेकेल, थोडा भार घेईल इतकाच वर करा. ही पायरी कुणीही गाळू नये. चाक लटकलेलं असताना ॲक्सल खाली जाऊ नये म्हणून त्याला शॉकअपनेच धरून ठेवलेलं असतं. आधार न देता खालचा बोल्ट काढला तर ॲक्सल झपकन खाली येतो, स्प्रिंग जागेवरून निसटते आणि ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो.

आता वरचा नट. काही गाड्यांत तो डिकीच्या आत, बाजूच्या कापडी कव्हरमागे असतो, काहींत चाकाच्या पोकळीत वर दोन बोल्टवर पट्टी असते. नट फिरवताना मधला दांडाही फिरायला लागतो, म्हणून दांड्याच्या चपट्या टोकाला छोटा पाना किंवा ॲलन की लावून धरा. सुटलेली प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रावर निघाली त्याच क्रमाने मांडा: नट, वाटीसारखा वॉशर, रबर, परत रबर, परत वॉशर. वॉशरची खोलगट बाजू कुठे होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नवखा माणूस इथेच अडकतो.

मग खालचा बोल्ट. लांब हँडल लावा आणि सावकाश जोर द्या. अजिबात हलत नसेल तर परत स्प्रे मारा, अर्धा तास थांबा, थोडा आवळायच्या दिशेने आणि मग सोडायच्या दिशेने असं करत आणा. गॅसच्या ज्योतीने तापवू नका. पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप, सीएनजी असेल तर सिलिंडर, सगळं तिथेच हाताच्या अंतरावर आहे. बोल्ट निघाला की शॉकअप हाताने दाबून आखूड करा आणि बाहेर काढा.

जुना आणि नवा शेजारी शेजारी फरशीवर ठेवा. पूर्ण ताणल्यावरची लांबी, खालच्या कडीची रुंदी, बोल्टचं भोक, वरच्या आट्या, सगळं जुळलं पाहिजे. मग जुन्याचा दांडा दाबा आणि ओढा. माझा जुना शॉकअप पहिली तीन बोटं विरोधाशिवाय, रिकाम्या पिचकारीसारखा आत गेला आणि मग कुठे त्याला तेल सापडलं. नवा पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्या जोराने अडवत होता. हा फरक एकदा हाताला कळला की पुन्हा कधी विसरत नाही.

नवा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो आणि आडवेपणात आतली हवा तेलात शिरते. म्हणून बसवण्याआधी तो ज्या बाजूने उभा बसणार त्या बाजूने उभा धरा, दांडा पूर्ण बाहेर ओढा, पूर्ण आत दाबा, असं चार-पाच वेळा करा. सुरुवातीला मध्येच लागणारा पोकळपणा गेला की हवा निघाली. गॅसचा शॉकअप पट्टीने बांधून येतो. पट्टी सोडली की दांडा आपोआप बाहेर येतो, तेव्हा तोंड लांब ठेवा. आणि चकचकीत दांड्याला पक्कड कधीच लावू नका. नखाला लागेल एवढा ओरखडाही सील कापतो.

बंप स्टॉप आणि कव्हर दांड्यावर चढवा, फोटो बघून वॉशर आणि रबर लावा आणि वरचं टोक जागेवर घालून नट हातानेच फिरवा. नायलॉनचा नट असेल तर नवा वापरा. खालचं टोक भोकासमोर आणायला ॲक्सलखालचा जॅक किंचित वर-खाली करा. भोकं जुळवण्यासाठी बोट आत घालू नका. बोल्टच्या आट्या ब्रशने साफ करून तोही हातानेच जाईल तेवढा घट्ट करा. तिरका धरत असेल तर काढून परत लावा, जोर करू नका. वरचा नट आता आवळून घ्या. तिथे रबराची जोडी असेल तर रबर वॉशरच्या कडेइतकं फुगेल एवढंच, त्याहून जास्त आवळलं तर ते चिरतं.

खालचा बोल्ट मात्र आत्ता आवळायचा नाही. पहिल्यांदा स्वतः काम केलं तेव्हा मी इथेच चुकलो. चाकं लटकलेली असतानाच सगळं कचकचून आवळलं, आणि चार महिन्यांत खटखट परत आली. काढून पाहिलं तर खालचे दोन्ही बुश फाटलेले. खालच्या कडीत रबर असतं आणि रबराच्या मधोमध लोखंडी नळी. बोल्ट आवळला की नळी जागेवर पकडली जाते आणि पुढची सगळी हालचाल रबराला पीळ देऊन होते. चाक लटकलेलं असताना नळी पकडली, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलेल्या अवस्थेत कायमचं राहतं आणि प्रत्येक लाटेला आणखी पिळत जातं. म्हणून दोन्ही बाजू बसवून झाल्या की चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा, दोघांना मागे बसवून दोन-चारदा दाबून गाडी तिच्या नेहमीच्या उंचीवर येऊ द्या, त्यांना उतरवा, आणि मगच खालचे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळा. पाना पोचत नसेल तर दोन ठोकळ्यांवर मागची चाकं सरळ चढवून घ्या, भार चाकांवरच राहतो.

व्हीलनट एकाआड एक, चांदणीसारख्या क्रमाने आवळा. लहान गाड्यांत हा आकडा साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो, तुमच्या गाडीचा मॅन्युअलमध्ये बघा.

झाल्यावर

रिकाम्या रस्त्यावर ३० च्या वेगाने गतिरोधकावरून जा. धप्प असा एकच आवाज यावा आणि गाडीचं झुलणं तिथेच थांबावं. नवे शॉकअप पहिले काही दिवस कडक वाटतात, ते ठीक आहे, कारण तुमची सवय झुलणाऱ्या गाडीची आहे. साधारण १०० किलोमीटर झाले की व्हीलनट आणि चारही टोकांचे नट-बोल्ट पुन्हा तपासा.

टायरवर चट्टे पडलेले असतील तर घरघर लगेच जाणार नाही. टायरमध्ये दम असेल तर तो पुढे टाकून फिरवा, हळूहळू सरळ झिजतो. फार खोलगट असेल तर टायरच बदलावा लागतो, आणि आता तो वाया जाणार नाही. अलाइनमेंटची गरज या प्रकारच्या गाडीत पडत नाही, कारण मागच्या चाकाची दिशा ॲक्सल ठरवतो, शॉकअप नाही. कुणी म्हटलं तर हे सांगा.

जुने शॉकअप भंगारात द्या, पण भंगारवाल्याला सांगून द्या की आत दाबाने भरलेला गॅस आणि तेल असू शकतं, गॅस कटर लावायचा नाही. गळणारा शॉकअप विहिरीजवळ किंवा बांधावर टाकून ठेवू नका. पोत्यात घालून सरळ दुकानात पोचवा.

आणि डिकीतला जॅक परत त्याच्या खाचेत घट्ट बसवा, नाहीतर पहिल्याच गतिरोधकावर तोच वाजेल.